कथा जाई राहिना, भो? (वाचकांचे प्रश्न, या वेळी सोलोविषयी)

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की, पेंटॅटॉनिकचे, म्हणजे पाच सुरांच्या स्केलचे, पाचही बॉक्स (गिटारच्या दांडीवर ते सूर वाजवायच्या पाच जागा) पाठ असलेली आणि तरी दोन ओळींचा सोलो, म्हणजे एकट्यानं मनानं वाजवायचा तुकडा, न जमणारी मुलं माझ्याकडे भुसावळात दर आठवड्याला गिटार शिकायला येतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळी दुसरा विषय घ्यायचाच नाही असं संपादकांनी ठरवून टाकलं. एका वाचकानं विचारलंय, ‘मग स्केल शिकवता कशाला? फी परत करा.’ ते माझे विद्यार्थी नाहीत, म्हणून वाचलो. बाकीच्यांतली सहा पत्रं घेतो. नाव छापू नका असं दोघांनी कळवलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : सर, गिटार हातात घेऊन आठ महिने झाले. ए मायनर पेंटॅटॉनिक डोळे मिटून वरखाली वाजवतो. होस्टेलवर मोबाइलवर बॅकिंग ट्रॅक (नुसती साथ) लावतो आणि सुरू होतो. चुकीचा सूर एकही लागत नाही. तरी रूममेट म्हणतो, ‘तुझी प्रॅक्टिस संपली की सांग, मग ऐकायला बसतो.’ माझं काय चुकतंय?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, शिरपूर)

उत्तर : आधी त्या रूममेटला चहा पाज. त्याचा कान चांगला आहे.

ए, सी, डी, ई, जी हे तुझे पाच सूर. ए मायनरच्या ट्रॅकवर यांतला कोणताही कुठंही टाकला तरी कानाला फारसा टोचत नाही. म्हणून तर सगळे मास्तर इथून सुरुवात करून देतात, मीही देतो. पण पंगतीत शेजारी बसून नुसतं ‘हो हो, बरं बरं’ करणारा पाहुणाही चुकीचं काही बोलत नसतो. जेवण उरकल्यावर तो काय बोलला ते कुणाला आठवतं?

माझीच गोष्ट सांगतो. १९८९ साल, चोपड्याकडच्या एका गावची जत्रा. मी बावीस वर्षांचा, ऑर्केस्ट्रात नवा, आणि डोक्यात हवा गेलेली. एका गाण्यात मला आठ बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) पीस दिला होता. मी सुटलो. आठाचे दहा झाले, अकरा झाले, गायिकेनं अंतरा उचलला आणि मी आपला अजून बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या घरात. ढोलकीवाल्यानं डोळे वटारले, कीबोर्डवाला हसत सुटला. गाणं कसंबसं सावरलं. आमच्यात क्लॅरनेट वाजवणारे एक म्हातारे होते, सगळी हयात लग्नाच्या बॅण्डमध्ये गेलेली. स्टेजच्या मागं त्यांनी बिडी पेटवली आणि अगदी मायेनं विचारलं, ‘कथा जाई राहिना तू, भो?’ अहिराणीत म्हणजे, कुठं निघालायस बाबा? मला उत्तर देता आलं नाही. मी कुठंच निघालो नव्हतो. मला फक्त सगळे फ्रेट येत होते.

आपल्याकडून सुरतेकडे पॅसेंजर जाते. जळगाव, पाळधी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार. स्केल म्हणजे ही स्टेशनांची यादी. ती घडाघडा म्हणता येणं चांगलंच, पण अमळनेरला मावशीकडे जायचंय म्हणून गाडीत बसलेला माणूस आणि यादी पाठ असलेला माणूस यांच्या बसण्यातच फरक असतो. पहिला धरणगाव गेल्यापासून पिशवी आवरायला घेतो. सोलो ऐकणाऱ्याला ती पिशवी आवरणं कळतं.

उतरायचं कुठं हे कॉर्ड, म्हणजे खालून एकदम वाजणारे तीन-चार सूर, सांगतो. तुझ्या ट्रॅकमध्ये कोणते कॉर्ड आहेत हे तू लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज, तुला ते माहीतच नाहीत. वर ‘ए मायनर’ लिहिलेलं दिसलं आणि वाजवायला घेतलं. समजा ए मायनर, एफ, सी, जी असे चार कॉर्ड आहेत, प्रत्येकी एक बार. चार बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे सोळा. झालं की तीनतालाचं आवर्तन! पहिल्या मात्रेवर ए मायनर, ती तुझी सम. नवव्या मात्रेवर सी येतो, ती ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात उघडायची मात्रा. दोन दिवस गिटार पिशवीतच ठेव आणि नुसत्या टाळी-खालीनं तो ट्रॅक मोज. भाजी निवडताना, पोळीची वाट बघत मेसच्या रांगेत, कुठंही. आपण आवर्तनात कुठं आहोत हे विचारल्याबरोबर सांगता आलं की मग तारेला हात लाव.

आता मुक्कामाचे सूर. ए मायनरमध्ये ए, सी, ई. एफमध्ये एफ, ए, सी. सीमध्ये सी, ई, जी. जीमध्ये जी, बी, डी. नीट बघ, तुझ्या पाचांतला ‘सी’ पहिल्या तिन्ही कॉर्डमध्ये बसलेला आहे. तो एकटाच वाजवून धर आणि खालून कॉर्ड बदलू दे. ए मायनरवर तो जरा उदास वाटेल, एफवर भरल्या घरातला, आणि सी कॉर्डवर तर पाय धुऊन ओट्यावर टेकल्यासारखा. मग जी येईल आणि हाच सूर उघडा पडेल, कारण जी कॉर्डमध्ये बी आहे आणि तुझा सी त्याला अर्ध्या सुरानं घासतोय. तिथं डीवर सरक. एक सूर सरकवल्यानं काय होतं ते तुला पहिल्यांदा ऐकू येईल. सूर चुकीचा नव्हता, जागा चुकली होती. तुझ्या पत्रातल्या ‘चुकीचा सूर एकही लागत नाही’ याचा घोळ इथं आहे.

पंधरा दिवस फक्त तीन सूर. चौथ्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे ए, तिसऱ्या तारेचा पाचवा म्हणजे सी आणि त्याच तारेचा सातवा म्हणजे डी. तळहाताखालीच आहेत तिन्ही. चारही कॉर्डना यांतला कोणता ना कोणता मुक्काम मिळतोच, मोजून घे. दोन बार वाजवायचं, दोन बार गप्प. गप्प बसताना पाय चालू ठेवायचा. हे गप्प बसणं तुला सगळ्यात जड जाईल. माझ्याकडे एक मुलगा त्या दोन बारांत चष्मा पुसायचा.

आणि वाजवण्याआधी ओळ तोंडानं म्हण. आवाज कसाही असो, ना ना ना कर. क्लॅरनेटवाल्याला दम घ्यावा लागतो, म्हणून त्याची ओळ आपोआप संपते. गिटारवाल्याची बोटं दमत नाहीत, ऐकणारा दमतो. तोंडानं म्हटलं की तुझाही दम संपेल आणि ओळीला शेवट मिळेल.

अजून एक बारीक गोष्ट. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून बेसचा खर्ज ऐकूच येत नाही, आणि कॉर्ड बदलल्याची पहिली वर्दी तर तोच देतो. इअरफोन लाव. एवढ्यानंसुद्धा फरक पडलेला मी पाहिलाय.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे, वय ४९. लहानपणी सात वर्षं पेटी शिकलो, आता गिटार घेतली. मास्तर ‘मेजर पेंटॅटॉनिक, मायनर पेंटॅटॉनिक’ करत होते आणि मला ते भूप आणि धानी ऐकू येत होते. हे एकच आहे का? मग मी सरळ रागच ट्रॅकवर वाजवला तर?
(अमळनेर)

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. तुमच्या कानानं दोन्ही बरोबर ओळखलं. मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे सा रे ग प ध, भूपाचेच सूर. मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानीचे सूर. पेटीवर पांढरी एक म्हणजे सी आणि पांढरी सहा म्हणजे ए, एवढं धरून चला, म्हणजे मास्तरांची भाषा तुम्हाला परकी राहणार नाही.

आता पेटी काढा आणि ए, सी, डी, ई, जी हेच पाच सूर वाजवा. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. एला सा धरलं तर धानी. सीला सा धरलं तर भूप. डीला सा धरा, मधमाद सारंग. ईला धरा, मालकंस. जीला धरा, दुर्गा. पट्ट्या त्याच, बोटं तीच, फक्त घर बदललं. मूर्च्छना म्हणतात ती हीच. शिरपूरच्या त्या मुलानं हे पत्र वाचावं म्हणून मी मुद्दाम त्याच्या शेजारी लावलंय. पाच बॉक्स पाठ करून त्याला जे सापडलं नाही ते तुमच्या पेटीत चाळीस वर्षं पडून आहे.

त्यापुढची गंमत तुम्हाला ठाऊक असेल. भूप आणि देशकार यांचे सूरही तेच आणि सा सुद्धा तोच. तरी भूप भूप राहतो, कारण तो गंधारावर टेकतो; देशकार धैवतावर. न्यास, म्हणजे टेकायचा सूर, बदलला, राग बदलला. म्हणजे कुठं थांबायचं हा प्रश्न आपल्या गवयांनी केव्हाच सोडवून ठेवलाय, गिटार शिकताना आपण तो नव्यानं सोडवत बसतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र सांभाळून उत्तर देतो. सीला सा धरून भूप वाजवायचा तर सी आणि ए मायनर या दोनच कॉर्डांचा ट्रॅक घ्या. त्यांतले सगळे सूर भूपातले आहेत. एफ आला की त्याच्याबरोबर मध्यम येतो, जी आला की निषाद, आणि भूपात हे दोन्ही वर्ज्य. वाजवायला हरकत कसलीच नाही, आपल्या कितीतरी चाली अशाच फिरतात, पण मग त्याला भूप म्हणू नका, चाल म्हणा. मालकंसाचं तर त्याहून अवघड. एला सा धरलं तर मालकंसात ए, सी, डी, एफ, जी येतात. पंचम म्हणजे ई त्यात नाही, आणि ए मायनर कॉर्ड घेतला की तो ई आपणच खालून वाजवत बसतो. बरं, ई नको म्हणून डी मायनर घेतला, तर कान डीलाच सा मानायला लागतो आणि तुमच्या मालकंसाची धानी होते. करून बघा, दोन मिनिटांत होते. म्हणून मालकंसाला कॉर्डचा ट्रॅक लावूच नये, असं माझं मत. सा-मचा तानपुरा लावा आणि निवांत वाजवा.

गिटारवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) कशी काढायची हेही तुम्ही विचारलंय. तार खेचून. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर डी आहे, तो वर ढकलत ईपर्यंत न्या. आधी नवव्या फ्रेटवर ई वाजवून कानात साठवा, मग खेचा. पेटीवाल्यांचा कान यात लवकर तयार होतो. पेटीनं मींड कधीच दिली नाही म्हणून असेल, भूक मोठी असते.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यापासून बारा बारचा ब्लूज. सोलो शिकायचा तर ब्लूजच का? त्याचा नि आपला संबंध काय?
(चाळीसगाव)

उत्तर : संबंध कापसाचा आहे. हसू नका. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या गाण्यांतून हे वाढलं. बी. बी. किंग (१९२५–२०१५) हा त्यांचा मोठा गिटारवाला, लहानपणी स्वतः कापूस वेचलेला. त्याचं ऐका म्हणजे माझं म्हणणं पटेल. तो एक ओळ गातो आणि थांबतो. मग गिटार उत्तर देते. पुन्हा गातो, पुन्हा गिटार. गाताना तो गिटार वाजवत नाही आणि गिटार बोलत असताना तोंड उघडत नाही.

माझी आजी आणि मोठी काकू जात्यावर बसायच्या तेव्हा हेच चालायचं. एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं ती उचलायची, आणि मधल्या जागेत जात्याची घरघर. त्या घरघरीला आपण आता बॅकिंग ट्रॅक म्हणतो.

ब्लूजची रचना शिकायला सोपी, म्हणून मास्तर ती घेतात. एच्या पट्टीत चार बार ए सेव्हन, दोन बार डी सेव्हन, दोन बार पुन्हा ए सेव्हन, मग ई सेव्हन एक, डी सेव्हन एक, आणि शेवटचे दोन ए सेव्हन. गाण्याच्या तीन ओळी. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी उत्तराची. प्रत्येक ओळीला चार बार, त्यांतले साधारण दोन गायला नि उरलेले वाद्याला. म्हणजे सोलोवाल्याची जागा आखूनच दिलेली. सव्वा एकर दिलंय, तेवढंच नांगर, शेजाऱ्याच्या बांधावर जाऊ नको.

त्यात एक खुबी आहे. ए सेव्हनमध्ये सी शार्प आहे, म्हणजे शुद्ध गंधार. वरून तुम्ही वाजवता मायनर पेंटॅटॉनिकचा सी, म्हणजे कोमल गंधार. पुस्तकी हिशेबानं ही टक्करच. पण तो सी किंचित खेचून दोघांच्या मधे कुठंतरी ठेवला की जो आवाज निघतो, त्यासाठीच लोक ब्लूज ऐकतात. पूर्ण सी शार्पपर्यंत नेऊ नका, थोडं अलीकडेच सोडा. हे लिहून शिकवता येत नाही, सनईवाल्याच्या शेजारी बसलं की येतं.

प्रश्न : रोज किती वेळ आणि कोणत्या लयीत? नेमकं सांगा.
(रावेर)

उत्तर : लय मिनिटाला ऐंशी मात्रा. त्या लयीत बारा बारांचं एक आवर्तन ३६ सेकंदांत संपतं, दहा आवर्तनं म्हणजे सहा मिनिटं. एवढी सहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, त्याच दिवशी ऐकू नका. त्याच दिवशी स्वतःचं सगळं गोड लागतं. आणि तुमच्याकडच्या उन्हात गिटार बंद गाडीत ठेवत असाल तर स्केल-बिल राहू द्या, आधी ती घरात आणा. एकदा मे महिन्यात माझ्या एका गिटारीचा ब्रिज डिंक मऊ होऊन उचलला गेलाय.

प्रश्न : दादा, माझी मुलगी चौदा वर्षांची. खोलीत ट्रॅक लावून तासन् तास सुंदर वाजवते. पण गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात इतर मुलांबरोबर वाजवायला बसली आणि हात थिजले. रडत घरी आली. हा ट्रॅकचा नाद वाईट आहे का? बंद करू का?
(धुळे)

उत्तर : ताई, बंद करू नका. सोबतीला काहीतरी फिरतं ठेवून वाजवायची रीत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. तबल्याच्या सोलोला पेटी किंवा सारंगीवर लेहरा धरतात तो काय वेगळा असतो? तीच ओळ फिरत राहते आणि तबलजी तिच्या आधारावर सम गाठतो. अमेरिकेत जेमी एबरसोल्ड नावाच्या गृहस्थांनी १९६७ मध्ये खास याचसाठी ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली. ठेका, बेस आणि कॉर्ड त्यांचे, सोलो आपला. जॅझ शिकणाऱ्यांच्या पिढ्या त्यांवर वाढल्या.

पण लेहरा धरणारा माणूस असतो. तबलजी कुठं फसला तर तो हळूच मान हलवतो, मुखड्यावर जरा जोर देतो. ट्रॅक मान हलवत नाही. तुमची मुलगी चुकली तरी तो पुढं, उत्तम वाजवलं तरी तो पुढं. तिला कुणी आपल्याकडे बघतंय याची सवयच नाही. मंडळात ढोलकीवाल्यानं लय थोडी चढवली असणार (ढोलकीवाले चढवतातच, गणपतीत तर विचारू नका), आणि तिला वाटलं असणार की आपलंच चुकलं. असं तिला एकदा स्पष्ट सांगा. आधी तिच्याकडून नेमकं कुठं हात थांबला ते ऐकून घ्या, रागावू नका.

मग दोन गोष्टी करा. पहिली, तिनं स्वतःचा ट्रॅक स्वतः करावा. मोबाइल समोर ठेवून दोनच कॉर्ड, ए मायनर आणि जी, चार मिनिटं वाजवून रेकॉर्ड करायचे आणि त्यावर वाजवायचं. तिची लय कुठं पळते हे तिला स्वतःच्या कॉर्डांवर सोलो बसवताना आपोआप सापडेल. दुसरी, घरातला कुणीतरी एक तिच्यासमोर बसवा. तुम्ही टाळी धरा, नाहीतर स्टीलच्या डब्यावर केहरवा. मधेच लय कमी करा, मधेच थांबा, आणि तिनं तुमच्याकडे बघून थांबायचं. खेळ म्हणून. तुम्हाला वाद्य येत नाही हे उलट फायद्याचं, तुम्ही नक्की चुकाल आणि तिला सांभाळून घ्यावं लागेल.

पुढच्या गणपतीत तिला अख्खा सोलो देऊ नका म्हणावं मंडळाला. चार बार द्या. चार बार वाजवून बाजूला व्हायचं, एवढंच.

प्रश्न : भाऊ, मी साक्री तालुक्यातला. चौदा वर्षं लग्नाच्या पार्टीत बँजो वाजवतो. नवरदेव पारावरून निघाला की एकच गाणं वीस-वीस मिनिटं फिरवत ठेवावं लागतं, मनानंच तुकडे टाकतो. स्केल कधी शिकलो नाही. आता पोरगा कीबोर्ड शिकतोय. तो म्हणतो, ‘पप्पा, तुम्ही जे वाजवता ते कोणत्याच स्केलमध्ये नाही.’ या वयात शिकायला बसू का?

उत्तर : भाऊ, या अंकातल्या सगळ्यांना जे शिकायचंय ते तुम्ही लग्नसराईत रोज संध्याकाळी करता. वीस मिनिटं एकच गाणं फिरवायचं आणि नाचणारा थकू द्यायचा नाही, हे कोणत्या पुस्तकात शिकवतात? तुम्ही नाचणाऱ्यांकडे बघून तुकडा लांबवता, घोडा बिथरला की आखडता घेता, नवरदेवाचे मामे नोटा काढायला लागले की तीच ओळ पुन्हा टाकता. ‘कथा जाई राहिना’ असं तुम्हाला कुणी विचारायची गरज नाही, समोर मांडव दिसतोय.

पोराचंही अगदीच खोटं नाही. तुम्ही मधेमधे पट्टीबाहेरचा सूर घेत असणार, पण मला वाटतं तो घेऊन तुम्ही लगेच शेजारच्या आतल्या सुरावर उतरता. चालत्या वाटेवर खड्ड्याच्या कडेवर पाय पडतो आणि पुढचं पाऊल नीट पडतं, तसं. स्केलमध्ये नसलेला सूर आला म्हणून काही बिघडत नाही, त्यावर वस्ती केली तर बिघडतं. पोराला सांगा, मी विचारलंय म्हणून : पप्पा तो बाहेरचा सूर वाजवून उतरतात कुठं, ते एकदा कीबोर्डवर शोधून काढ. त्याला उत्तर सापडलं तर त्याचं वर्षभराचं शिक्षण झालं समजा.

तुम्हाला शिकायचंच असेल तर एक गोष्ट शिका, पट्ट्यांची नावं. तुमच्या चाव्या दाबून वाजवायच्या बँजोच्या तारा एका सुराला लावल्या की चाव्या त्याच पट्टीत हाताला बसतात. बॅण्डवाल्यांचे क्लॅरनेट आणि ट्रम्पेट बहुधा बी फ्लॅटचे, म्हणजे काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) त्यांना सोयीची. गायक आला की म्हणतो, मला पांढरी चार द्या. तिथं तुमची पंचाईत होत असणार, आणि गिटारवाल्या पोरांची तर फारच. ए मायनर घोटून आलेल्या पोराला काळी पाच म्हटलं की तो माझ्याकडे बघतो. एक फ्रेट वर सरक, पाचव्याऐवजी सहावा, एवढंच करायचं असतं. तुमच्या बँजोला असं सरकणं सोपं नाही, चाव्यांचा हिशेबच बदलतो. तो हिशेब मुलाच्या कीबोर्डशेजारी बसून मांडा. तो सांगेल ही कोणती चावी, तुम्ही सांगाल तिच्यावरून कुठं जायचं.

आणि त्याला एक काम लावा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्यानं कॉर्ड धरायचे नि तुम्ही वाजवायचं, मग उलट. धुळ्याच्या ताईंनी हे वाचलं तर त्यांना हेवा वाटेल.

एक मागणं आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत तुम्हाला फुरसत असते, तेव्हा भुसावळला एक चक्कर टाका, बँजो घेऊन या. माझ्या क्लासमध्ये पाच जण बसतात शनिवारी, पाचही जणांना सगळे बॉक्स पाठ आहेत. त्यांच्यासमोर एकच गाणं वीस मिनिटं फिरवून दाखवा. शेवभाजी-भाकरीची सोय माझ्याकडे. येण्याआधी एक पोस्टकार्ड टाका म्हणजे मी काळी पाचला तारा लावून ठेवतो.